तंजावर : चार दिवसांचा निवांत मुक्काम

शासकीय सेवेत असलेल्या माणसाची रजा बहुधा घरातले कार्य, आजारपण किंवा गावाकडील शेतीची कामे यांतच खर्ची पडते. त्यातून काही दिवस शिल्लक राहिले आणि प्रवासाला निघण्याचा योग आलाच, तर आठ दिवसांत बारा गावे पाहून येण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत लेखकानेही वीस वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत तंजावर पाहिले होते; पाहिले म्हणजे बृहदीश्वराच्या मंदिरात दीड तास उन्हात पाय भाजून घेतले आणि पुढल्या गावची गाडी गाठली. ज्या नगरीत भोसले कुळाने जवळजवळ पावणेदोनशे वर्षे राज्य केले, तेथे मराठी माणसाने दीड तास थांबावे याची खंत मनात राहून गेली होती. गेल्या जानेवारीत पोंगलचा सण आटोपल्यावर सपत्नीक चार दिवस केवळ तंजावरसाठी काढले, तेव्हा कोठे ती काहीशी भरून निघाली.

चेन्नईच्या एगमोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीत बसले की सुमारे ३५० किलोमीटरचा प्रवास करून पहाटे तंजावरला उतरता येते. विमानाने जाणाऱ्यास तिरुचिरापळ्ळी जवळ पडते. तेथून तंजावर पंचावन्न-साठ किलोमीटर आहे. गाडीच्या खिडकीतून उजाडताना दिसतो तो कावेरीचा सपाट, पाणथळ त्रिभुज प्रदेश. जानेवारीत येथे सांबा हंगामातील भाताची कापणी चालू असते.

तंजावर हे उष्ण शहर आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना उन्हाचे भय सांगण्याचे कारण नाही. परंतु येथील उष्म्याला दमटपणाची जोड असते. एप्रिल-मे महिन्यांत तर बाहेरच्या माणसाने येथे न जाणेच श्रेयस्कर. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये सुरू होतो, तर तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस उत्तम. तरीही दुपारी ऊन बोलतेच. गावाने त्यावर आपले वेळापत्रक बसविले आहे : पहाटे देऊळ आणि बाजार, दुपारी विश्रांती, चारनंतर पुन्हा वर्दळ. मोठ्या मंदिराचा गाभाराही दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतो, तो चारला उघडतो. आम्ही पहिल्याच दिवशी हे वेळापत्रक स्वीकारले आणि पुढचे चार दिवस सुखाचे गेले.

दगडात कोरलेले दफ्तर

चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधलेले बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे २०० फूट उंच आहे. युनेस्कोने १९८७ साली या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम येथील मंदिरेही त्याला जोडण्यात आली. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. आम्ही सायंकाळी पाच वाजता त्याच सावलीत अंगणाच्या फरशीवर अर्धा तास बसलो होतो, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

आख्यायिकेची गरज भासू नये इतके आश्चर्य भिंतींवर लिहिलेले आहे. मंदिराच्या जोत्यावर व भिंतींवर तमिळ शिलालेखांच्या ओळींमागून ओळी आहेत. राजाने, त्याच्या भगिनीने आणि अधिकाऱ्यांनी काय दान दिले, कोणत्या दागिन्याचे वजन किती, कोणत्या गावाने किती धान्य द्यावयाचे, हे सारे त्यांत नोंदलेले आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या मूळ कोणत्या गावच्या, येथे कोणत्या आळीत कितव्या घरात राहतात आणि प्रत्येकीचा वर्षाचा भाताचा वाटा किती, हेही त्यात आहे. गायक, वादक, हिशेबनीस, पहारेकरी, कुंभार, परीट, शिंपी यांचीही नोंद आहे. शिखराच्या उंचीपेक्षा या नोंदींनी आम्हांला अधिक वेळ थांबविले. हजार वर्षांपूर्वीचा असा आस्थापना-तक्ता पाहून कचेरीत वावरणाऱ्या माणसाला आपलेपणा वाटल्यावाचून राहात नाही.

पंचायत सदस्यांसाठी जाता जाता एक उल्लेख करतो. याच चोळ राजवटीतील, पण तंजावरहून दूर कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावचा इ. स. ९२० च्या सुमाराचा शिलालेख ग्रामसभेच्या समित्यांवर सदस्य कसे निवडावेत याचे नियम सांगतो. नावे ताडपत्रावर लिहून घड्यात टाकीत आणि चिठ्ठी काढीत. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब सादर केला नाही, तो अपात्र. त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र!

मंदिराच्या आवारात प्रत्येक राजवटीने आपली भर घातली आहे. अखंड दगडातील प्रचंड नंदी नायक राजांच्या काळातील. माट्टु पोंगलच्या दिवशी त्याला भाज्या आणि फळांच्या माळांनी झाकून टाकतात. बाहेरचे पहिले प्रवेशद्वार मराठ्यांचे. प्रदक्षिणामार्गाच्या भिंतींवर नायककालीन चित्रे होती. त्यांच्याखाली चोळकालीन चित्रे दडलेली आहेत हे १९३१ मध्ये लक्षात आले.

आणि प्राकाराच्या नैर्ऋत्य भागात मराठी माणसाने अवश्य थांबावे असे एक ठिकाण आहे. तेथे दगडावर सरळ देवनागरीत मराठी मजकूर कोरलेला आहे. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी १८०३ साली लिहिलेला हा भोसले वंशाचा इतिहास. कुळाच्या पौराणिक उत्पत्तीपासून सरफोजींपर्यंतची हकीकत त्यात आहे. वीस वर्षांपूर्वीच्या त्या दीड तासात आम्हांला हा लेख कोणी दाखविला नव्हता, आणि आम्हीही विचारले नव्हते.

भोसल्यांचे तंजावर

शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या आदिलशहाच्या वतीने फौज घेऊन दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या ताब्यात आले. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत महाराजांनी त्यांची भेट घेऊन वडिलांच्या दौलतीतील वाटा मागितला, हा प्रसंग शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतील तंजावर बहुधा येथेच संपते. प्रत्यक्षात त्यानंतर हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या वर्षी शिवाजी राजे दुसरे पुरुष वारसावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने ते खालसा केले. राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही सरकारने घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये फेटाळला गेला.

या घराण्याची खरी कीर्ती रणांगणावरची नव्हे. एकोजींचे पुत्र शाहजी यांनी तेलुगूत नाटके लिहिली आणि मराठीतही. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे मानले जाते. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली रंगले. म्हणजे मराठी नाटकाचा एक झरा त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे कावेरीकाठी वाहात होता. तो महाराष्ट्रापर्यंत पोहोचला नाही, इतकेच. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांनी येथे मठ स्थापिला. पुढे मराठी कीर्तनाची पद्धत तमिळ हरिकथेने उचलली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते आपल्या नावांसह तिच्यात रुजली.

सर्वांत विलक्षण पुरुष सरफोजी दुसरे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर पुढल्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व आसपासचा मुलूख एवढाच अधिकार उरला. हाती तलवार नाही, महसूल नाही, अशा राजाने काय करावे? त्यांनी पुस्तके गोळा केली. छापखाना घातला. त्यात १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापले गेले. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्य रचले. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातील भविष्य सांगणारी स्त्री येते. सरफोजींच्या रचनेत ही स्त्री भविष्य सांगण्याऐवजी जगाचा भूगोल सांगते! भूगोलाच्या शिक्षकांनी या प्रयोगाची दखल घ्यावी असे वाटते. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत ज्या क्रमाने सादर होतो, तो त्यांनी बांधून दिला.

रामेश्वराच्या यात्रामार्गावरील छत्रांचा, म्हणजे धर्मशाळांचा, उल्लेख येथे केला पाहिजे. इंग्रज त्यांचे उत्पन्न काढून घेतील या भीतीने सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून तेथील व्यवस्था समजावून सांगितली होती : ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न, आजाऱ्याला वैद्य व औषध, तान्ह्या मुलांना दूध, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची देखभाल, आणि निराधार मृतांचे अंत्यसंस्कार. छत्रांना जोडून शाळाही होत्या. ओरत्तनाडू येथील मुक्ताम्बाळ छत्र १८०२ चे. तंजावरहून बसने तेथे सहज जाता येते. आम्ही गेलो, त्याच्या दगडी ओट्यावर बसलो. राज्य गेलेल्या राजाचे हे राज्यच होते, असे त्या ओट्यावर वाटले.

पानावरचे तंजावर

तंजावरात सकाळी तांब्या-पितळेच्या दवरा-टंबलरमधून येणारी फिल्टर कॉफी न घेता दिवस सुरू करणे हे अशिष्टपणाचे ठरते. बंबासारखी वाफाळणारी ती कॉफी उंचावरून ओतून फेसाळवितात. शेजारच्या कुंभकोणमच्या कॉफीला अधिक मान. पण दोहोंतील भेद आमच्या जिभेला काही कळला नाही. दुपारचे जेवण केळीच्या पानावर : भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक.

सांबार हे तंजावरच्या मराठा मुदपाकखान्यात जन्मले, आमसुले संपली म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि संभाजीराजांच्या सन्मानार्थ तिला सांबार म्हणू लागले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ऐकायला गोड असली तरी तिला समकालीन आधार नाही. ‘संभार’ या संस्कृत शब्दाचा अर्थ सामग्री, मसाला; आपल्या विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. तेव्हा शब्दाचा माग राजपुत्राच्या नावाकडे नेण्यापेक्षा मसाल्याच्या डब्याकडे नेणे बरे.

मराठी स्वयंपाकाच्या खुणा तेथे अन्यत्र आहेत, आणि त्या अधिक विश्वासार्ह आहेत. तंजावर-कुंभकोणमकडील तमिळ घरांत वांग्याची ‘रसवांगी’ होते; नावच मराठी बोलते. डाळ, चिंच व कारले किंवा वांगे घालून केलेल्या ‘पिटलै’चे नाते आपल्या पिठल्याशी सांगितले जाते, जरी दोन्ही पदार्थ आज एकमेकांना ओळखणार नाहीत. उडदाच्या पिठाची दह्यातील ‘डांगर पचडी’ मात्र आपल्या डांगराची सख्खी बहीण. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा पाकशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ सिद्ध केला होता, आणि सरफोजींच्या काळातील पाककृतींचे पुस्तकही सरस्वती महालने प्रकाशित केले आहे. सौभाग्यवतींनी ते तत्काळ विकत घेतले. ते तमिळ लिपीत निघाले, हा भाग वेगळा.

तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. तेथे कावेरीच्या काठी संत त्यागराज १८४७ च्या जानेवारीत समाधिस्थ झाले. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून त्यांची पंचरत्न कीर्तने एका आवाजात गातात. समाधीवरील मंदिर बंगळूरच्या नागरत्नम्मा या गायिकेने विसाव्या शतकात उभारले. मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा अशोका हलवाही याच गावचा. भक्ती आणि हलवा या दोन्हींसाठी एक सकाळ राखून ठेवावी.

ज्यांना पाटबंधाऱ्यांत रस आहे त्यांनी कल्लणै पाहावे. करिकाल चोळाच्या नावे सांगितला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा बंधारा कावेरीचे पाणी कोळ्ळिडम या पात्रात निसटू न देता शेतीकडे वळवितो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी या जुन्या बांधणीचा अभ्यास करूनच आपली कामे केली. आजही पाणी त्यावरूनच वाटले जाते.

सरस्वती महालात

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आमचा मुक्काम राजवाड्यातच होता असे म्हणावयास हरकत नाही. मूळ वाडा नायकांचा, मराठ्यांनी वाढविलेला. त्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. त्यांचे वर्णन करण्याचे धाडस मी करणार नाही. त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांनी सुरू केलेला हा संग्रह सरफोजींनी वाढविला. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला गेले तेव्हा परतताना हस्तलिखिते घेऊन आले. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. येथील सुमारे ४९,००० हस्तलिखितांपैकी बहुसंख्य संस्कृत असली तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांहून अधिक आहेत. संग्रहालयाच्या दालनात नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून ठेवलेल्या नोंदी आहेत, हत्तींवरचे ग्रंथ आहेत, आणि राजांना काय जिज्ञासा होती देव जाणे, चीनमधील शिक्षांची चित्रेही आहेत.

याखेरीज दरबाराचे दफ्तर आहे, आणि ते मोडीत आहे. खर्चाच्या याद्या, देणग्या, पत्रव्यवहार. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९८१ मध्ये झाली, या कागदांतील निवडक भाग तमिळमध्ये आणून प्रसिद्ध केला. मराठीत लिहिलेले हे कागद आज एखाद्या जिज्ञासूच्या हाती तमिळमधून पडण्याचा संभव अधिक, ही गोष्ट आपण समजून घेतली पाहिजे. त्यात तमिळ विद्वानांकडे दोष नाही, उलट त्यांचे ऋण आहे. मोडी वाचणारी माणसे आपल्याकडेच किती उरली आहेत? राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. तेथे शिकलेल्यांपैकी काहींनी एखादी सुटी तंजावरात घालविली, तर ते पर्यटनही होईल आणि कामही.

हे मी अधिकारवाणीने लिहीत नाही. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आमचे बोलणे ऐकून एक निवृत्त शिक्षक थांबले. घरी मराठी, बाहेर तमिळ, पिढ्यान्‌पिढ्या येथेच. त्यांच्या मराठीचे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडचे आणि हेल सर्वस्वी तमिळ. पहिली पाच मिनिटे दोन्ही बाजूंनी ‘काय म्हणालात?’ यातच गेली. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे याच समाजातले, कुंभकोणमला जन्मलेले, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी कधी काळी मोडीचा वर्ग केला होता असे बोलण्याच्या ओघात निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पणजोबांच्या पेटीतील एक घडी घातलेला कागद घेऊन निवासस्थानी आले. घरात तो वाचू शकेल असा कोणी उरला नव्हता. दानपत्र असावे, अशी त्यांची समजूत होती.

कागद वाचायला मला दोन तास लागले. ते दानपत्र नव्हते. कोणत्याशा कार्याच्या जिन्नसांची ती यादी होती : तांदूळ, तूरडाळ, गूळ, तूप, चिंच, केळीची पाने, कापूर. त्यांचा हिरमोड होईल असे वाटले होते, पण ते प्रत्येक जिन्नस मोठ्याने उच्चारीत होते आणि शेजारी बसलेल्या नातवाला तमिळमध्ये सांगत होते. जाताना त्यांनी कोऱ्या कागदावर सर्व बालबोधीत लिहून मागितले. अकरा जिन्नस लिहून दिले. दोन शब्द काही केल्या लागेनात. तेथे जागा मोकळी सोडली आणि महाराष्ट्रातील जाणकाराला दाखविण्यासाठी त्या ओळींची नक्कल वहीत उतरवून घेतली. संध्याकाळच्या गाडीला अजून चार तास होते. आम्ही पुन्हा मोठ्या देवळात गेलो आणि नैर्ऋत्येच्या त्या भिंतीपाशी, ऊन उतरल्यावर, पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.